तलवार म्यान केल्यावर

संगणकावरचे खेळ म्हटले की आपल्या बायकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. हातात बंदूक घेतलेला माणूस, पळणारी माणसं आणि मुलाच्या खोलीतून येणारा ठो-ठो आवाज. बस्तीत स्वाध्यायाला बसलं की हा विषय हमखास निघतो. ‘मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालायचं आणि पडद्यावर दिवसाला शंभर माणसं मारायची, हे कुठलं जैनपण?’ असं कुणीतरी विचारतं आणि सगळ्या माना डोलावतात. प्रश्न रास्तच आहे. पण मला त्याच्या शेजारचा एक प्रश्न विचारायचाय. समजा, खेळातून तलवार काढूनच टाकली. मारामारी नाही, रक्त नाही, नुसतं बोलणं. मग तो खेळ अहिंसक झाला का?

असे खेळ खरोखरच आहेत. घरातल्या पोरींनी शेजारी बसवून मला ते खेळायला लावले, म्हणून मला ते ठाऊक. ‘भूमिका घेऊन खेळायचे खेळ’ हा त्यांचा मोठा परिवार. त्याचं मूळ 1974 साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो रचला. टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायची तिकडे जुनी हौस होती, तिच्यातूनच हा निघाला. फरक इतकाच की फौजेऐवजी खेळणारा एकाच माणसाची भूमिका घेतो आणि काय घडतं ते फाशांवर ठरतं. लढाईच्या पोटी जन्मलेला खेळ, म्हणून घाव किती खोल गेला याचे नियम भरपूर आणि बोलण्याचे नियम चिमूटभर. पुढे हे खेळ संगणकावर आले तेव्हा हीच सवय घेऊन आले.

मग काही लोकांनी उलटं करून पाहिलं. त्यातला सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे 2019 साली आलेला ‘डिस्को इलिझियम’. एस्टोनिया नावाच्या छोट्या देशात रॉबर्ट कुर्विट्झ या लेखकाने आणि त्याच्या सोबत्यांनी त्याची सुरुवात केली. एक पोलीस अधिकारी दारूच्या नशेतून जागा होतो. त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. खानावळीच्या मागच्या झाडाला एक प्रेत लटकलेलं आहे आणि तपास त्याच्याकडे आहे. बस्स. पुढचा सगळा खेळ म्हणजे माणसांशी बोलणं. समोरचा काहीतरी म्हणतो, खाली तुमच्यासाठी चार-पाच वाक्यं येतात, त्यातलं एक निवडायचं. अवघड जागी दोन फासे पडतात. या खेळात सुमारे दहा लाख शब्द आहेत म्हणतात. नेहमीसारखी मारामारीची व्यवस्थाच त्यात नाही. हाणामारीचा प्रसंग येतो तोसुद्धा वाक्यं निवडूनच पार करायचा.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. या अधिकाऱ्याचा जीव दोन ठिकाणी मोजला जातो, एक शरीराचं बळ आणि दुसरं मनोबळ. कुणी लागेल असं बोललं तर मनोबळ कमी होतं. बारा वर्षांचं एक उनाड पोरगं त्याला घाण घाण शिव्या देतं, तेव्हा पडद्यावर खरोखर जखम झाल्याची नोंद होते. मनोबळ शून्यावर आलं की खेळ संपला. बोलण्याने माणूस मरतो, हे आपल्याकडे म्हणतात सगळेच. तिथे कुणीतरी ते हिशेबाला धरलं.

आता दुसरं उदाहरण, जरा जुनं. 1997 साली ‘फॉलआउट’ नावाचा खेळ आला. अणुयुद्धानंतरचं उद्ध्वस्त जग. त्यात एक महाखलनायक आहे, त्याला सगळी माणसं बदलून एक नवी जात बनवायची आहे. त्याला लढून मारता येतं. पण ज्याला लढायचं नाही त्याच्यासाठी दुसरी वाट ठेवली आहे. पुरावा गोळा करायचा आणि त्याला नीट समजावून सांगायचं, की बाबा, तू बनवलेल्या या जातीला मूलच होऊ शकत नाही, तुझं सगळं स्वप्न फोल आहे. त्याला ते पटतं. आणि पटल्यावर तो काय करतो? स्वतःला आपल्या सगळ्या ठाण्यासकट उडवून देतो. ‘एकही गोळी न झाडता जिंकलो’ असं खेळणारे अभिमानाने सांगतात. त्यांचं खोटं नाही. समोरचा मात्र मेलाच.

इथे आपल्याला आपलं शास्त्र आठवायला हवं. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा हा भेद आपल्या घरात पोरवयापासून कानावर पडतो. बाहेर प्राण गेला की नाही हे एक, आणि आत कषाय उठला की नाही हे दुसरं. रौद्रध्यानाचे चार प्रकार सांगताना हिंसानंदाच्या शेजारीच मृषानंद सांगितला आहे. म्हणजे मारण्यात रमणं जसं वाईट तसं खोट्यात रमणं, आपण कसं छान फसवलं याचा आनंद घोळवत बसणंही वाईट. बंदुकीच्या खेळावर आपण पहिल्या प्रकाराचा शिक्का मारून मोकळ्या होतो. बोलण्याच्या खेळात दुसरा प्रकार सुखाने नांदू शकतो. समोरच्याचं मन म्हणजे कुलूप, योग्य वाक्य म्हणजे किल्ली, आणि कुलूप उघडलं की आतला ऐवज आपला, अशी खेळणाऱ्याची समजूत झाली की हातात तलवार नसली तरी नजर लुटारूची होते.

‘पण ताई, खेळ तो खेळ. पडद्यावरचा माणूस खरा का आहे?’ असा आक्षेप येणारच. त्याला आपल्याकडे फार जुनं उत्तर आहे. यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली. सोमदेवसूरींनी 959 साली ती संस्कृतात सविस्तर लिहिली, आणि आपल्या या सीमेवरच्या लोकांना कन्नड परकं नाही, तर जन्न कवीचं 1209 सालचं ‘यशोधर चरिते’ही पुष्कळांना ठाऊक असेल. राजा आईला वाईट स्वप्न पडल्याचं सांगतो. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. राजा जीवहत्येला तयार नाही. मग मायलेकांत तडजोड होते, खरा कोंबडा नको, पिठाचा करू. पिठाचा कोंबडा कापला जातो. जीव कुणाचाच जात नाही. आणि तरी मायलेक दोघंही जन्मामागून जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत भटकतात, मोर होतात, कुत्रा होतात, शेवटी कोंबडा-कोंबडीही होतात.

लहानपणी ही कथा मला फार अन्यायाची वाटायची. पिठाला काय कळतं? पण कथेला पिठाशी देणंघेणंच नव्हतं. मान कापताना हाताच्या मागे जो संकल्प होता, त्याची ती कथा आहे. हजार वर्षांपूर्वी आपल्या आचार्यांनी जवळजवळ हाच प्रश्न सोडवायला घेतला होता, की जे खरं नाही त्याच्यावर केलेला वार खरा का? तरीही या कथेवरून मी सगळे खेळ अडगळीत टाका म्हणणार नाही. नाटकात कंसाचं काम करणाऱ्याला कुणी कंस म्हणत नाही. कथेने प्रश्न आपल्या हातात दिलाय, तो असा की खेळताना आत काय चाललं होतं? ते खेळणाऱ्यालाच ठाऊक. आईने दाराआडून आवाज ऐकून ते ठरवता येत नाही.

आणि नेमकं हेच एका खेळाने अक्षरशः लिहून दाखवलंय. 1999 साली ‘प्लेनस्केप टॉर्मेंट’ नावाचा खेळ आला, ख्रिस अॅव्हेलोन हा त्याचा मुख्य रचनाकार. नायकाला मरण येत नाही, पण त्याच्या आठवणी पुसल्या गेल्या आहेत. शवागारात जागा होतो तेव्हा आपण आधी कोण होतो, काय काय केलं, काही माहीत नाही. वाटेत भेटणारी माणसं सांगत जातात, तू असा होतास, तू माझं असं केलंस. केलेलं आठवत नाही पण भोगायचं मात्र आहेच. आपल्या बायकांना हे समजावून सांगायची गरज नाही, आपलं सगळं कर्मशास्त्र हेच म्हणतं.

या खेळात वाक्यं निवडताना काही ठिकाणी एकच वाक्य दोनदा येतं. शब्द अगदी तेच. एकाच्या आधी ‘खरं’ असं लिहिलेलं, दुसऱ्याच्या आधी ‘खोटं’. म्हणजे ‘मी परत येईन’ हे वाक्य मनापासून म्हणायचं की नुसतं समोरच्याला गप्प करायला म्हणायचं, हे तुम्ही आधी ठरवायचं. समोरच्याच्या कानावर शब्द तेच पडतात. पण तुमच्या स्वभावाच्या खात्यात फरक पडतो. भाव आणि वचन यांचा संबंध शिकवायला याहून सोपा धडा मी पाहिला नाही. आणि जी बाई त्याच्यावर जीव टाकत होती, डायोनारा नावाची, तिला त्याच्या एका पूर्वरूपाने प्रेमाचं खोटं सांगून कामापुरतं वापरलं आणि मरू दिलं. तिच्यावर कुणी शस्त्र उगारायची गरजच पडली नाही, ‘प्रेम आहे’ एवढ्या शब्दांवरच काम भागलं.

इथवर आलो की आपल्याला आपल्या घरात यावं लागतं. कारण बोलून काम काढण्याचा हा खेळ आपण बायका कुठल्याही यंत्राशिवाय पिढ्यान् पिढ्या खेळत आलोय. कुणाशी कधी बोलायचं, सासूबाईंचा जप झाल्यावर की आधी, मामंजींचा चहा झाल्यावर की पेपर वाचताना, नणंदेला आधी आपल्या बाजूला घ्यायचं की नंतर. माहेरी जायचंय तर ‘मला जायचंय’ हे वाक्य यादीत नसतंच. ‘आईला बरं नाही’ हे असतं. पुढं शिकायचंय तर ‘मला शिकायची आवड आहे’ म्हणून भागत नाही, ‘नोकरी लागली तर घराला हातभार’ असं म्हणावं लागतं. मुलीला आपण कौतुकाने शिकवतो, ‘गोड बोलून काम काढून घ्यावं गं.’ ज्याच्या हातात सत्ता नाही त्याच्या हातात जीभ तेवढी उरते. मग या बाईला मायाचाराचं पाप लागतं असं म्हणायचं का?

मला ते म्हणवत नाही, आणि लागत नाही असंही म्हणवत नाही. म्हणून खेळाकडूनच एक गोष्ट उसनी घेते. पडद्यावर जी चार वाक्यं येतात, ती खेळणाऱ्याने लिहिलेली नसतात. ती खेळ रचणाऱ्याने लिहिलेली असतात. त्या चारांत खरं वाक्य नसेल, तर सगळा दोष निवडणाऱ्याच्या माथी कसा मारायचा?

समंतभद्राचार्यांचा रत्नकरंड श्रावकाचार आपल्याकडे घरोघरी वाचला जातो. त्यात सत्याणुव्रत सांगताना तीन गोष्टी येतात. श्रावक स्वतः स्थूल खोटं बोलत नाही, दुसऱ्याला बोलायला लावत नाही, आणि दुसऱ्यावर संकट आणील असं खरंही बोलत नाही. पहिली गोष्ट आपण मुलांना शिकवतो. तिसरीवर वाद घालतो. मधली मात्र वाचून पुढे जातो. फार तर दारात आलेल्याला ‘बाबा घरात नाहीत म्हणून सांग’ असं पोराकडून वदवू नये, इतकाच तिचा अर्थ लावतो. पण ज्या घरात सुनेला दोन दिवस आईकडे जायला आईचं आजारपण काढावं लागतं, ते घर तिला खोटं बोलायला लावतच असतं. कुणी तसा हुकूम केला नसेल, पण खऱ्याला दार बंद ठेवलं की खोटं खिडकीतून येणारच.

जपमाळेचे मणी एकशे आठ का, हे आपण स्वाध्यायात शिकलोय. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. कृत, कारित, अनुमत हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, एकशे आठ. कर्म आत यायच्या इतक्या वाटा. यातली ‘कारित’ वाट घरातल्या कर्त्या माणसांनी, आणि त्यात आपण सासवाही आलो, जरा सावकाश जपावी. सुनेचं खोटं तिच्या खात्यात जाईल, पण ते तिच्याकडून वदवून घेणाऱ्यांची पानं कोरी राहणार नाहीत.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर बायकांचं सगळं माफ असा अर्थ निघेल. गरजेपोटी शिकलेलं कसब गरज संपली म्हणून सुटत नाही. दहा वर्षं गोड बोलून वाट काढलेली बाई घराची मालकीण होते, तेव्हा तिला सरळ बोलायचं स्वातंत्र्य असतं. तरी ती सुनेशी सरळ बोलत नाही. भाजी खारट झाली असं न म्हणता ‘आज मिठाचा डबा नवीन का गं?’ असं विचारते. आवाज चढलेला नसतो, हात उगारलेला नसतो, शेजारणीला ऐकू गेलं तर ती म्हणेल किती शांत घर. सुनेचं मनोबळ किती उतरलं ते दाखवणारी पट्टी मात्र आपल्या स्वयंपाकघरात लावलेली नसते. पाणी गाळून पिणाऱ्या घरात बोलणं न गाळता वाढलं जातं, हे आपल्यापैकी कुणाला नवीन आहे?

मग या खेळांचा उपयोग काय? मला एक दिसतो. आपण रोज बोलतो ते वेगात. कषाय उठतो आणि शब्द सुटतो, यात श्वासाचंही अंतर नसतं. या खेळात खेळणारी थांबते. चार वाक्यं समोर असतात, ती वाचते, हे म्हटलं तर काय होईल याचा विचार करते. भाषासमिती म्हणजे काही वेगळं नव्हे. ‘डिस्को इलिझियम’मध्ये तर त्याही मागचं दाखवलंय. त्या अधिकाऱ्याच्या डोक्यात चोवीस आवाज आहेत. (चोवीस आकडा ऐकून आपले हात जोडले जातील, पण तो निव्वळ योगायोग.) एक म्हणतो, याने तुझा मान राखला नाही, दरडावून बोल. एक म्हणतो, थाप मार, जमेल तुला. एक समोरच्याचं दुःख ओळखतो. एक नुसता म्हणतो, सांभाळ स्वतःला. मान, माया, करुणा, संयम यांना असं एकेकट्याने बोलताना ऐकलं की कळतं, आपल्या तोंडून जे निघतं ते बहुतेकदा यातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाचं असतं. आणि मोठा आवाज सहसा शहाणा नसतो.

त्याच खेळात एक प्रसंग आहे. एका कष्टकरी बाईचा नवरा घरी आलेला नाही. पुढे समुद्रकाठी त्याचं प्रेत सापडतं, आणि ही बातमी तिला सांगायचं काम तुमच्यावर येतं. इथे पटवण्यासारखं काही नाही, कुलूप नाही आणि किल्लीही नाही. कुठलंही वाक्य निवडलं तरी तिचा नवरा परत येणार नाही. फक्त कसं सांगायचं एवढंच हातात आहे. तिथे मला वाटलं, बोलण्याच्या खेळाची खरी परीक्षा ही. ज्या बोलण्यातून आपल्याला काहीच मिळणार नाही, ते बोलणं आपण किती जपून बोलतो?

एक गोष्ट मात्र या खेळांत खोटी आहे, आणि मुलांना ती सांगायला हवी. चुकलं की मागे जाता येतं. जपून ठेवलेल्या जागेवरून पुन्हा सुरू करायचं, तोच माणूस पुन्हा समोर, त्याला काही आठवत नाही, या वेळी दुसरं वाक्य. टोबी फॉक्स नावाच्या तरुणाने 2015 साली केलेल्या ‘अंडरटेल’ खेळात ही सोयच उलटवली आहे. त्यात कुणालाही न मारता, बोलून आणि माफ करून शेवटापर्यंत जाता येतं. पण सुरुवातीला मायेने सांभाळणाऱ्या बाईला तुम्ही मारलंत, मग वाईट वाटून मागे गेलात आणि या खेपेला तिला जिवंत सोडलंत, तर पुढे एक पात्र तुम्हाला हळूच सांगतं, की तू आधी काय केलं होतंस ते मला माहीत आहे. आपल्या प्रतिक्रमणाचाही अर्थ हाच. ते झालेलं पुसत नाही. झालं ते झालं असं स्वतःच्या तोंडाने म्हणायला लावतं. घरात आपण नेमकं उलटं करतो. ‘मी तसं म्हटलंच नव्हतं’ असं म्हणून आदल्या जागेवरून खेळ पुन्हा सुरू करू बघतो. ज्याला लागलेलं असतं तो विसरत नाही.

दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणी येते. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, हे वाक्य आता फोनवरून एका बोटाने दोनशे जणांना जातं. वाक्य सगळ्यांना तेच. त्याच्या आधी ‘खरं’ लिहायचं की ‘खोटं’, हे पाठवणाऱ्या बोटाला ठाऊक असतं. दोनशे जणांना जाऊ दे, माझी काही हरकत नाही. पण एकीला ते तोंडाने म्हणावं, घरात जिच्याशी आपण वर्षभर सगळ्यात हळू आवाजात बोललो तिला. आणि पुढच्या वेळी ती माहेरी निघाली, की तिने कारण सांगायच्या आधीच म्हणावं, ‘जायचंय ना तुला? मग जा की.’